आपला स्ट्रायकर अठराव्या वर्षी बाहेर जाऊ द्या

आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, पहिल्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोल करणाऱ्याचा गोल्डन बूट एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. २०१४ मध्ये एलानो, मग मेंडोझा, मार्सेलिन्यो, गोव्याचा लाडका कोरो सलग दोनदा, वाल्सकिस, अंगुलो, ओगबेचे, दिएगो मॉरिसिओ, डायमांटाकोस आणि २०२४-२५ मध्ये २३ गोल ठोकणारा मोरोक्कोचा अलाएद्दीन अजाराई. त्या हंगामात भारतीयांमध्ये सर्वाधिक, म्हणजे १४ गोल केले सुनील छेत्रीने. तेव्हा त्याचं वय ४० होतं. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला होता. नऊ महिन्यांत त्याला परत बोलवावं लागलं, कारण त्याच्या जागेवर उभा करायला माणूस सापडेना.

त्याआधी जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांविरुद्ध मिळून आपला एकही गोल झाला नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये फातोर्ड्यावर सिंगापूरने २-१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दारही बंद झालं.

अशा प्रत्येक पराभवानंतर एक मागणी हमखास वर येते: क्लबांनी परदेशी स्ट्रायकर आणणं बंद करा, म्हणजे आपली पोरं आपोआप गोल करायला लागतील. मागणी सरळ वाटते, टाळ्याही घेते. पण ती चुकीच्या जागी बोट ठेवते. परदेशी स्ट्रायकर आपल्याकडे येतो हा मूळ रोग नव्हे. आपला स्ट्रायकर योग्य वयात परदेशी जात नाही, आणि गेलाच तर करिअरचा अर्धा भाग संपल्यावर जातो, हे खरं दुखणं आहे.

आधी बंदीचा हिशोब करू. २०१४ मध्ये एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानावर चालत. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. सहावरून चारवर आलो तरी गोल्डन बूटच्या यादीत फरक पडला नाही, आणि त्यामागचं कारण कोणताही प्रशिक्षक सांगेल. परदेशी जागा कमी झाल्या की तो आधी फुलबॅक आणि विंगरच्या जागा भारतीयांना देतो. मधला बचावपटू, मधल्या फळीतला सूत्रधार आणि स्ट्रायकर या तीन जागा तो शेवटपर्यंत सोडत नाही, कारण सामना तिथे ठरतो आणि त्याची नोकरीही तिथेच ठरते. म्हणजे कोटा कमी करत गेल्याने भारतीय फॉरवर्डला खेळायला मिळालं खरं, पण कडेला. मनवीर सिंग एफसी गोवाकडे फॉरवर्ड होता, मोहन बागानने त्याला उजवीकडे लावला. गोव्याचा लिस्टन कोलासो डावीकडे. खुद्द छेत्रीचं पाहा: २०१७-१८ मध्ये बेंगळुरूने मधे व्हेनेझुएलाचा मिकू उभा केला आणि छेत्रीला डाव्या बाजूला सरकवलं. मिकूचे १५ गोल झाले, छेत्रीचे कडेवरून १४. ही छेत्रीची कमाल. ती गृहीत धरून विशीतल्या पोरांसाठी धोरण आखता येत नाही.

मग 'नऊ नंबरवर', म्हणजे मधल्या स्ट्रायकरच्या जागेवर, 'भारतीयच हवा' असा थेट नियम करावा, असंही म्हणतात. तो अंमलात कसा आणणार? संघाच्या यादीत नावं आणि जर्सी नंबर असतात. मैदानावर कोण कुठे उभा राहतो हे कोणताही पंच तपासू शकत नाही. प्रशिक्षक कागदावर परदेशी खेळाडूला मधल्या फळीत दाखवील आणि पहिल्याच मिनिटाला बॉक्समध्ये पाठवील.

स्थानिक पातळीवर गोल करणारी पोरं नाहीत असंही नाही. मिझोरामच्या डेव्हिड लालहलान्सांगाने २०२३ च्या कोलकाता लीगमध्ये मोहम्मेडनसाठी २१ गोल केले, त्याच वर्षी ड्युरंड चषकातही तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. २०२४ मध्ये ईस्ट बंगालने त्याला घेतलं. आणि त्याच उन्हाळ्यात ईस्ट बंगालने आदल्या हंगामातला गोल्डन बूट विजेता डायमांटाकोसही घेतला. यात क्लबचं काही चुकलं असं म्हणवत नाही. जिंकायचं असेल तर कोणीही हेच करील.

बाकावरून शेवटची पंधरा मिनिटं मिळणाऱ्या स्ट्रायकरचं नेमकं काय होतं, ते आकड्यांत मांडून बघावं. चांगल्या संघाचा स्ट्रायकर पूर्ण ९० मिनिटांत साधारण अडीच ते तीन फटके मारतो. पेनल्टी सोडल्या तर दहा फटक्यांत एक गोल ही जगभरातली ढोबळ सरासरी. आता हाच पोरगा २० सामन्यांत पंधरा-पंधरा मिनिटं खेळला, तर एकूण मिनिटं होतात ३००, म्हणजे सव्वातीन पूर्ण सामने. फटके फार तर दहा, आणि गोल एक. हंगामाच्या शेवटी व्यवस्थापन म्हणतं, 'वीस सामन्यांत एक गोल? हा काही स्ट्रायकर नाही.' तोच पोरगा दुसरीकडे ३० सामने पूर्ण खेळला तर ७५ ते ९० फटके मारील आणि काही नवीन न शिकताही आठ-नऊ गोलांपर्यंत जाईल. शिकला तर त्याहून जास्त.

आणि शिकायचं असतं ते सामन्यातच. उजवीकडून क्रॉस येणार आहे, तर नवखा स्ट्रायकर सरळ जवळच्या खांबाकडे धावतो, तेही लवकर. बचावपटू त्याच्या सोबत धावतो आणि चेंडू दोघांच्या मागून जातो, किंवा त्याआधीच ऑफसाइडचा झेंडा वर होतो. मुरलेला स्ट्रायकर आधी दोन पावलं लांबच्या खांबाकडे टाकतो. बचावपटू त्याला डोळ्यासमोर ठेवायला मान वळवतो, म्हणजे तेवढ्यापुरती चेंडूवरची नजर हटते. कडेच्या खेळाडूने चेंडू पायापुढे ढकलून मान खाली घातली की हा बचावपटूच्या पुढून आडवा कापत जवळच्या खांबावर येतो. सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा. आपल्या फुलबॅकला क्रॉस टाकायला एक टच लागतो की दोन, समोरचा बचावपटू डाव्या खांद्यावरून बघतो की उजव्या, हे माहीत असल्याशिवाय ती वेळ साधत नाही. सरावाच्या मैदानावर शंकू मांडून हे येत नाही. चुकायला सामने लागतात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा संघात नाव असेल ही खात्री लागते.

आयएसएलमध्ये एकूण ६३ गोल करणारा बार्थोलोम्यू ओगबेचे याच शिक्षणाचा पुतळा. किशोरवयात नायजेरिया सोडून तो पॅरिस सेंट जर्मेनकडे गेला, १७ व्या वर्षी २००२ चा विश्वचषक खेळला. त्यानंतर बास्तिया, मेट्झ, अमिरातीतला अल जझीरा, स्पेनमध्ये अलावेस, वायादोलिद, कादिझ आणि हेरेझ, ग्रीसमध्ये कावाला, इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो, नेदरलँड्समध्ये कॅम्बूर आणि विलेम टू. यातली बरीच नावं आपल्याकडच्या पक्क्या फुटबॉलवेड्यालाही सांगता यायची नाहीत. २०१८ मध्ये आयएसएलच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला तेव्हा तो चौतिशीला टेकला होता. तिथे १२ गोल, पुढे केरळकडून १५, मुंबईकडून ८, हैदराबादकडून १८ आणि १०. वेग केव्हाच ओसरला होता. उरली होती ती कुठे, कधी पोहोचायचं याची जाण. आपले क्लब पैसे मोजतात ते परक्या देशांच्या बाकांवर, दुसऱ्या श्रेणीच्या मैदानांवर पंधरा-सोळा वर्षं घासून तयार झालेल्या या जाणिवेसाठी. ती इथे तयार करण्याची वाट कोणी पाहत नाही, कारण तयार माल दोन वर्षांच्या करारावर मिळतो.

आपले जे गेले त्यांची वयं बघा. बायचुंग भुतिया सप्टेंबर १९९९ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या स्तरावरच्या बरी या क्लबकडे गेला तेव्हा २२ वर्षांचा होता आणि भारतातला सर्वांत मोठा तारा होता. आधी फुलहॅम, वेस्ट ब्रॉम, ॲस्टन व्हिला इथे चाचण्या देऊन झाल्या होत्या. तीन हंगामांत त्याचे लीगमधले गोल तीन. दुखापत होती, क्लब कर्जात बुडून प्रशासकाच्या ताब्यात गेला होता, शेवटी संघ खालच्या श्रेणीतही घसरला. छेत्रीला २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने करार देऊ केला. भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून ब्रिटनने काम करण्याचा परवाना नाकारला. २०१० मध्ये कॅन्सस सिटीला गेला तेव्हा तो २५ वर्षांचा होता, आणि एमएलएस या अमेरिकेच्या लीगमध्ये एकही सामना मिळाला नाही. २०१२ मध्ये स्पोर्टिंग लिस्बनच्या ब संघात गेला तेव्हा २८ वं लागत होतं. ब संघ असतो एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांसाठी. तिथे २८ वर्षांच्या माणसावर मेहनत घेऊन क्लबला काय मिळणार? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने खेळून फेब्रुवारी २०१३ मध्ये तो चर्चिल ब्रदर्सकडे, गोव्यात, परत आला. त्याच्या गुणवत्तेबद्दल हा पुरावा म्हणून वापरणारे लोक आहेत. मला तो वयाचा आणि चुकलेल्या दाराचा पुरावा वाटतो.

उलट बाजूने मेहदी तारेमीचं उदाहरण देतात. इराणचा हा स्ट्रायकर २७ व्या वर्षी पोर्तुगालच्या रिओ आव्हेकडे गेला, पहिल्याच हंगामात १८ गोल करून लीगच्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंगतीत बसला, मग पोर्तो, मग इंटर मिलान. किंवा जपानचा अयासे उएदा: विद्यापीठाच्या संघातून काशिमाकडे, २३ व्या वर्षी बेल्जियमच्या सर्कल ब्रुगकडे, तिथे एका हंगामात लीगमध्ये २२ गोल आणि लगेच फेयेनूर्ड. मुद्दा रास्त आहे. उशिरा जाऊनही जमतं. पण तारेमी जाण्याआधी इराणच्या लीगमध्ये दोन हंगाम सर्वाधिक गोल करणारा होता, आणि उएदा काशिमाचा नियमित स्ट्रायकर होता. दोघांची नऊ नंबरवरची मिनिटं घरीच भरलेली होती. घरी ती मिळत असतील तर अठराव्या वर्षी जायची गरज नाही. आपल्याकडे मिळत नाहीत, आणि २०२२ मध्ये तर भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन ॲरोज हा तरुणांचा संघही गुंडाळला, जिथे निदान एकोणीस वर्षांचा पोरगा दर आठवड्याला सुरुवातीपासून खेळत होता.

आपल्याला जवळची वाट उझबेकिस्तानची आहे. एल्दोर शोमुरोदोव बुन्योदकोरकडून २०१७ मध्ये रशियाच्या रोस्तोवला गेला, २२ वर्षांचा असताना. सुरुवातीच्या हंगामांत गोल मोजकेच होते. क्लबने दम धरला, २०१९-२० मध्ये त्याने ११ केले, त्यावर जेनोआने नेला, तिथल्या आठ गोलांवर रोमाने. एकदम रोमा कोणी दिला नव्हता. मधल्या पायऱ्या होत्या, आणि त्या कोणाच्या टीव्हीवर दिसत नव्हत्या. उझबेकिस्तान २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला त्यात अशा पायऱ्यांचा वाटा आहे.

म्हणून 'प्रीमियर लीगमध्ये भारतीय कधी?' हा प्रश्न विचारणं आधी सोडायला हवं. ब्रिटनमध्ये युरोपीय संघ सोडल्यानंतर, २०२१ पासून, परदेशी खेळाडूला गुणांच्या तक्त्यावर १५ गुण लागतात. त्यात देशाची क्रमवारी, खेळत असलेल्या लीगचा दर्जा आणि तिथली मिनिटं मोजतात. २०२५ मध्ये भारत १३० च्याही खाली घसरला आणि आयएसएल सर्वांत खालच्या गटात मोडते. आपल्या पोराची बेरीज सुरूच होत नाही. स्पेनच्या पहिल्या श्रेणीत युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू चालतात, दुसऱ्या श्रेणीत दोन. त्या जागा ब्राझील-अर्जेंटिनाच्या तयार खेळाडूंसाठी राखीव असल्यासारख्याच. नेदरलँड्समध्ये संख्येची मर्यादा नाही, पण वीस वर्षांवरच्या बाहेरच्या खेळाडूला लीगच्या सरासरीच्या दीडपट पगार द्यावाच लागतो. अठरा-एकोणीस वर्षांच्याला मात्र सरासरीच्या ७५ टक्के पुरतात. अठराव्या वर्षी जाण्याचा हा आणखी एक फायदा, रोख. पोर्तुगाल आणि बेल्जियममध्ये अशी संख्येची मर्यादा नाही. पोर्तुगालची दुसरी श्रेणी आणि बड्या क्लबांचे ब व २३ वर्षांखालील संघ, बेल्जियमची दुसरी श्रेणी, क्रोएशिया, आणि आशियात जपानची दुसरी व तिसरी श्रेणी: आपल्या पोराने खटखटवायची दारं ही आहेत.

अठराच्या आधी मात्र नाही, आणि हे पालकांनी लिहून ठेवावं. फिफाच्या नियमावलीतलं १९ वं कलम अठराखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली रोखतं. पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील किंवा युरोपातल्या युरोपात बदली असेल, अशा मोजक्याच सवलती आहेत. तरीही पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना स्पेनमधल्या 'ॲकॅडमी'त विद्यार्थी व्हिसावर नेणाऱ्या, वर्षाला लाखो रुपये घेणाऱ्या जाहिराती सर्रास दिसतात. बहुतेक ठिकाणी पोरगा सराव करतो, क्लबची जर्सी घालून फोटो काढतो आणि शनिवारी गॅलरीत बसतो, कारण त्याची नोंदणीच होऊ शकत नाही. अठरा पूर्ण होतात तेव्हा त्याच्याकडे स्पॅनिश असतं, अधिकृत सामने नसतात.

जम्मूच्या ईशान पंडिताची गोष्ट वेगळी. तो किशोरवयात स्पेनला गेला, लेगानेसच्या तरुण संघापर्यंत पोहोचला, खालच्या श्रेणींत खेळला. २०२० मध्ये एफसी गोवाने त्याला आणलं. समोर होता इगोर अंगुलो, त्या हंगामाचा गोल्डन बूट. पंडिता यायचा तो बहुतेक शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत, गोलही करायचा, आणि 'सुपर सब' ही पदवी घेऊन परत बाकावर बसायचा. बाहेर घडू लागलेला स्ट्रायकर आपण घाईने घरी आणला आणि पुन्हा त्याच रांगेत उभा केला. तेविसाव्या वर्षाआधी परत येणं हा बहुधा तोट्याचा सौदा असतो, मग इथला करार कितीही गोड असो.

यात पुणे-मुंबईच्या पैशाबद्दल एक शब्द. जपानच्या डीएमएम कंपनीने २०१७ मध्ये बेल्जियमचा सिंत-त्रुइदन हा मध्यम क्लब घेतला आणि त्याची जपानी खेळाडूंसाठी शिडी केली. वातारू एन्दो, तोमियासू, कामादा त्या शिडीने जर्मनी, इटली, इंग्लंडला पोहोचले. पुण्याच्या व्यंकीजकडे ब्लॅकबर्न रोव्हर्स २०१० पासून आहे. भारतातून गेलेला एकही खेळाडू त्यांच्या पहिल्या संघात उतरलेला नाही, आणि इंग्लंडच्या परवान्याचे नियम पाहता उतरणारही नाही. ब्लॅकबर्नवरच्या खर्चाच्या एका अंशात बेल्जियम किंवा पोर्तुगालमध्ये दुसऱ्या श्रेणीचा क्लब येतो. सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला तेव्हा त्यांच्या घरातच बेल्जियमचा लोमेल, फ्रान्सचा त्रॉय असे क्लब येत गेले. मुंबईने चषक जिंकले, पण लोमेलच्या पहिल्या संघात मुंबईचा एकही भारतीय पोरगा गेला नाही. मालक बाहेरचा आला म्हणून शिडी आपोआप लागत नाही. ती करारात लिहून घ्यावी लागते.

मुली मात्र जातात. मणिपूरची स्ट्रायकर बाला देवी जानेवारी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मदरवेलविरुद्ध तिचा गोलही आला. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, मग ग्रीसचा पाओक, मग पेरूचा अलियांझा लिमा. यामागे महासंघाची काही मोठी योजना नव्हती. घरच्या लीगमध्ये त्यांना अडकवून ठेवण्याइतका पैसाच नव्हता, एवढंच.

पुरुषांचं नेमकं उलट. विशीतल्या होतकरू भारतीय फॉरवर्डला आयएसएलमध्ये बसून जे मिळतं, त्याच्या तुलनेत पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीतला नवख्याचा पगार खाऊन-पिऊन जेमतेम पुरेल इतका असतो. आई-वडिलांनी घराचं कर्ज त्या पगारावर काढलेलं असतं. त्याला 'देशासाठी जा' सांगणं फुकटचं आहे. २०२५ मध्ये मात्र या सुरक्षिततेचाही फुगा फुटला: लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार रखडला, हंगाम वेळेवर सुरू झाला नाही, काही क्लबांनी पगार थांबवले. महासंघाने किंवा क्लबने तीन वर्षांसाठी पगारातला फरक भरून दिला, तर एका खेळाडूमागे येणारा खर्च एका मध्यम परदेशी स्ट्रायकरच्या हंगामाच्या पगारापेक्षा जास्त होणार नाही. दरवर्षी सहा पोरं. त्यातली चार परत येतील, आणि ती सुद्धा इथल्या बाकापेक्षा चार पावलं पुढे असतील.

पैशाची दुसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते: प्रशिक्षण भरपाई. तेविसाच्या आत खेळाडू देश बदलून दुसऱ्या क्लबकडे गेला की नव्या क्लबला जुन्या क्लबला भरपाई द्यावी लागते, आणि ती नव्या क्लबच्या फिफा वर्गवारीच्या दराने. युरोपात या वर्गवारीतल्या तिसऱ्या वर्गाच्या क्लबचा दर वर्षाला ३०,००० युरो. समजा पोरगा १६ ते १९ अशी चार वर्षं आयएसएल क्लबकडे होता, तिथे व्यावसायिक झाला आणि विसाव्या वर्षी निघाला. नव्या क्लबवर १,२०,००० युरोंचं बिल. ज्याला त्यांनी दहा दिवस चाचणीत पाहिलंय अशा भारतीय स्ट्रायकरसाठी कोणता छोटा क्लब सव्वा लाख युरो मोजेल? बोलणी इथेच मोडतात, आणि पोराला सांगितलं जातं की 'तू त्यांना पसंत पडला नाहीस'. यावर उपाय जुना आहे: आयएसएल क्लबने भरपाईवर लेखी पाणी सोडावं आणि बदल्यात पुढच्या विक्रीतला १५-२० टक्के हिस्सा घ्यावा. आज खिशात काहीच येत नसलं तरी उद्याची शक्यता राहते. बाकावर बसलेल्या पोराची किंमत दर महिन्याला घटतच असते.

कोल्हापूरच्या तालीम संघांनी यातलं एक कलम तरी नीट वाचावं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला जमणारी गर्दी पुष्कळ आयएसएल सामन्यांना लाजवते, आणि कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला. फिफाच्या नियमानुसार खेळाडू करार चालू असताना विकला गेला की रकमेचे पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: १२ ते १५ या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, १६ पासून २३ पर्यंत प्रत्येक वर्षाला अर्धा. कोल्हापूरच्या क्लबकडे १२ ते १५ अशी चार वर्षं काढलेला पोरगा पुढे बेल्जियममधून जर्मनीला दहा लाख युरोंना गेला, तर त्या क्लबचा वाटा एक टक्का, दहा हजार युरो, आजच्या भावाने साधारण दहा लाख रुपये. पण त्यासाठी क्लब संलग्न हवा आणि बाराव्या वर्षापासून पोराची नोंद महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत हवी. २०२२ पासून हे पैसे फिफाच्या क्लिअरिंग हाऊसमधून, खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींवरून वाटले जातात. 'हा आमच्याकडेच वाढला' म्हणून वृत्तपत्रातलं कात्रण पाठवून काही मिळत नाही.

आता जाणाऱ्याने बघायच्या गोष्टी. चाचणी जूनच्या शेवटी ते जुलैमध्ये द्यावी, संघ नव्या हंगामाची बांधणी करत असतो तेव्हा. जानेवारीत दिलेली चाचणी बहुतेकदा वाया जाते: मैदानं जड, संघ घसरण टाळायच्या झटापटीत, आणि प्रशिक्षकाला या शनिवारी खेळवता येईल असा माणूस हवा असतो. चाचणीसाठी क्लब पैसे मागत नाही. मागणारा क्लबचा नसतो. एजंटचा फिफा परवाना फिफाच्या संकेतस्थळावर तपासता येतो, तो पाच मिनिटांत तपासावा. करार किमान दोन वर्षांचा आणि तिसऱ्याचा पर्याय, कारण पहिलं वर्ष भाषा, थंडी आणि बाकात जातं. शोमुरोदोवचंही गेलं होतं. सामने मिळतील अशी हमी कोणताही क्लब लिहून देत नाही. पण पहिल्या सहा महिन्यांत ठरावीक मिनिटं मिळाली नाहीत तर खालच्या श्रेणीत लोनवर, म्हणजे काही काळ उसना, जाऊ देण्याचं कलम घालता येतं. एकविशीपर्यंतच्या, क्लबनेच घडवलेल्या खेळाडूंना फिफाने लोनच्या संख्येच्या मर्यादेतून वगळलं आहे, म्हणून भारतातला क्लबही आपल्याच पोराला थेट लोनवर पाठवू शकतो आणि मूळ करार स्वतःकडे ठेवू शकतो.

दुसरं कलम दुखापतीचं. संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिककडे गेला आणि दुखापतीमुळे एकही सामना न खेळता परतला. तो तरी प्रस्थापित बचावपटू होता, घरी त्याची जागा तयार होती. एकोणीस वर्षांच्या स्ट्रायकरचा गुडघा गेला तर शस्त्रक्रिया कुठे, खर्च कोणाचा, नऊ महिने पगार चालू राहील का, आणि करार संपला तरी पुनर्वसन पूर्ण होईपर्यंत क्लबच्या डॉक्टरकडे जाता येईल का, हे सहीच्या आधी कागदावर हवं.